पोरगं गळतं ते आधी कोणाला कळतं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की आयटीआयमधली गळती, म्हणजे पोरांनी कोर्स अर्धवट सोडून जाणं, एकट्या प्राचार्यांच्या बापालाही थांबवता येणार नाही, त्यासाठी संस्थेतलं नेतृत्व चार जणांत वाटावं लागतं. "बाप" संपादकांनी कापला, ते बरंच झालं. पण त्या एका ओळीवर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी ३१ वर्षं फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा सर होतो, शेवटची काही वर्षं गटनिदेशक, म्हणजे अशा निदेशकांच्या वरचा, त्यामुळे उदाहरणं फिटरचीच येणार, इलेक्ट्रिशियनवाल्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : सर नमस्कार. मी एका खासगी आयटीआयची प्राचार्य आहे. ॲडमिशन फुल्ल होतात, पण दुसऱ्या वर्षापर्यंत वीसच्या युनिटमध्ये तेरा-चौदाच उरतात. मी स्वतः फोन करते, दोनदा तर मुलांच्या घरी जाऊन आले. तुम्ही म्हणता नेतृत्व वाटा, पण कामं तर आमच्याकडे आधीच वाटलेली आहेत, आता अजून नक्की काय वाटू? — एक प्राचार्य, वाघोली

उत्तर : मॅडम, तुम्ही घरी जाता हे वाचून बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण तुम्ही घरी पोचता तेव्हा पोरगं मनाने कधीच गेलेलं असतं, फक्त नाव कमी व्हायचं राहिलेलं असतं.

एक किस्सा सांगतो, माझाच आहे आणि त्यात चूकही माझीच आहे. मुळशीकडचा एक मुलगा होता माझ्या युनिटला. फिटरच्या पहिल्या महिन्यांत काय असतं ते तुम्हाला माहितीये, एमएस फ्लॅट, म्हणजे पोलादी पट्टीचा तुकडा, व्हाइसच्या शिकंज्यात बांधायचा आणि कानस मारायची, मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन्या, लावून जॉब उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत कानस. हाताला फोड येतात, निम्मी पोरं तिथेच वैतागतात. हा मात्र पहिल्याच महिन्यात असा फ्लॅट काढायचा की उजेडाची रेघ सुद्धा दिसायची नाही. आणि गणपतीनंतर एक दिवस त्याचा जॉब बघतो तर चारही बाजूंनी उजेड. मी सगळ्यांसमोर बोललो, काय रे, रात्री झोपत नाहीस का? पोरं हसली. तोही हसला. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही.

नंतर हळूहळू एकेक कळत गेलं. तो खरंच झोपत नव्हता, वडिलांचं काम सुटलं म्हणून रात्री मार्केट यार्डात क्रेट उतरवायला जायचा, हे त्याच्या शेजारच्या व्हाइसवरच्या मुलाला माहीत होतं. फीचा दुसरा हप्ता थकलाय हे क्लार्कला माहीत होतं. सेफ्टी शूज फाटले म्हणून चपलेवर यायचा आणि गेटवर कोणी बघू नये म्हणून मागच्या दाराने शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, शिरायचा, हे स्टोअरकीपरला माहीत होतं. डबा आणणं बंद झालंय हे कॅन्टीनवाल्या मावशींना माहीत होतं, त्या त्याला एक वडापाव उधार द्यायच्या. आणि मला माहीत होतं की याचा हात बिघडलाय. म्हणजे पाच जणांकडे पाच तुकडे होते, आणि प्राचार्यांच्या टेबलावर जे हजेरीपत्रक होतं त्यात त्या पोराची हजेरी शेवटच्या दिवसापर्यंत चांगली! त्या पाचातल्या एकालाही वाटलं नाही की हे सांगायचं आपलं काम आहे, आणि सांगितलं असतं तरी मी तरी काय करणार होतो, हप्ता पुढे ढकलायचा अधिकार मला नव्हता आणि स्टोअरकीपरला स्वतःच्या सहीने एक ॲप्रन सुद्धा देता येत नव्हता.

तर मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या किश्श्यातच आहे. कामं वाटलेली असतात हो, सगळीकडेच असतात, स्पर्धा कोणी घ्यायची, गणवेश कोणी तपासायचा. वाटायचा असतो तो निर्णय. ज्याला पहिल्यांदा दिसतं त्याला तिथल्या तिथे काहीतरी करता आलं पाहिजे, तुम्हाला न विचारता.

मी पुढे गटनिदेशक झाल्यावर जे केलं ते सांगतो, मोठं काही नाहीये. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं एका युनिटला शिकवणारे सगळे, म्हणजे ट्रेडचे सर, ड्रॉइंग-कॅल्क्युलेशनचे सर, एम्प्लॉयबिलिटी स्किलच्या मॅडम, आणि त्यांच्यासोबत क्लार्क आणि स्टोअरकीपर, उभ्या उभ्याच भेटायचे. प्रत्येकाने फक्त नावं सांगायची, कोण बदललाय. बदललाय म्हणजे गैरहजर असंच नाही, गप्प झालाय, मागच्या बाकावर गेलाय, डबा आणत नाहीये. ज्याचं नाव दोघांच्या तोंडून आलं त्याच्याशी त्याच आठवड्यात एकाने बोलायचं. आणि तो एक म्हणजे ट्रेडचे सरच असं नाही, ज्याच्याशी पोरगं बोलतं तो. आमच्याकडे पोरं सगळ्यात जास्त स्टोअरकीपरशी बोलायची, कारण मार्क देणं त्याच्या हातात नव्हतं! मग त्याला बोलायला पाठवलं. हप्त्याचे तुकडे करायचा अधिकार प्राचार्यांनी क्लार्कला दिला, एका मर्यादेपर्यंत. जुने शूज आणि ॲप्रन वापरायला द्यायचे का हे स्टोअरकीपर ठरवणार. बस उशिरा येते म्हणून वीस मिनिटांची सूट ट्रेडचे सर देणार, गेटवर चिठ्ठी नाही. आणि थोडे रोख पैसे माझ्याकडे, फक्त वहीत लिहून खर्च करायचे. सहीसाठी तीन टेबलं फिरावी लागत असतील तर पोरगं तोवर चाकणला कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून लागलेलं असतं, हे लिहून ठेवा.

प्राचार्यांचं काम यात कमी होतं असं नाही बरं का, उलट एक अवघड काम वाढतं, ते म्हणजे क्लार्कने एखाद्याला नको तेवढी सवलत दिली तर त्याला सगळ्यांसमोर झापायचं नाही. एकदा झापलं की पुढच्या सोमवारी सगळे गप्प, आणि मग ती मीटिंग चहापुरती उरते.

आता हजेरीबद्दल. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते हे आपल्याकडे शिपायालाही पाठ असतं. पण तो नियम कोण बसणार आणि कोण नाही हे ठरवतो, कोण जाणार हे तो सांगत नाही. हिशोब करून बघा, संस्था आठवड्याला सहा दिवस भरत असेल आणि एक मुलगा दर सोमवारी दांडी मारत असेल तर त्याची हजेरी ८३ टक्के येते, म्हणजे तो कुठल्याच यादीत नाही. आणि दर सोमवारी का येत नाही हा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा आहे, रविवारी रात्रीचं काहीतरी काम असणार. नेदरलँड्समध्ये याउलट आहे, चार आठवड्यांत मिळून १६ तास विनापरवानगी गैरहजर राहिला की शाळेने महापालिकेच्या हजेरी अधिकाऱ्याला कळवायचंच, वर्षाच्या शेवटची वाट बघायची नाही. तिथे २००१-०२ मध्ये वर्षाला ७१ हजारांच्या आसपास मुलं पात्रता न मिळवताच शिक्षण सोडत होती आणि त्यात मोठा भाग व्यवसाय शिक्षणातल्याच मुलांचा, पुढच्या दहा-बारा वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला. फक्त १६ तासांच्या नियमामुळे आला असं मी म्हणत नाही, सरकार, महापालिका आणि शाळा यांनी करार करून जबाबदारी वाटून घेतली होती, पैसे वाटले होते, आकडे दर महिन्याला सगळ्यांना दिसत होते. पण बघा, तिथेही वाटूनच घेतली.

शिकागोचंही एक सांगण्यासारखं आहे. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी, एलेन्सवर्थ आणि ईस्टन त्यांची नावं, २००५ मध्ये दाखवलं की हायस्कूलच्या पहिल्याच वर्षाच्या शेवटी जी मुलं रुळावर असतात, म्हणजे पुढच्या वर्गात जायला पुरेसे क्रेडिट आणि मुख्य विषयात एकाहून जास्त नापास नाही, ती शाळा वेळेत पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. आणि रुळावर राहणं हे आठवीच्या मार्कांवर कमी आणि पहिल्या वर्षाच्या हजेरीवर जास्त ठरतं. मग तिथल्या शाळांनी पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या शिक्षकांची टीम करून त्यांच्या हातात ती मुलांची यादी दिली. आपण मात्र ॲडमिशनलाच दहावीचे टक्के बघून ठरवतो कोण टिकणार, आणि ५२ टक्केवाला टिकला की आश्चर्य करत बसतो.

प्रश्न : सर, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे "सहभागी नेतृत्व" या नावाखाली गळती निर्मूलन समिती झाली. मी सदस्य सचिव. झालं काय, तर महिन्याला एक अहवाल मी लिहायचा, फोन मी करायचे, आणि मुलगा गेला की मेमो पण मलाच. त्यात मी तासिका तत्त्वावर. ही नेतृत्वाची वाटणी की गाढवाच्या पाठीवर अजून एक गोणी? — एक निदेशक, भोसरी

उत्तर : राग कशाला मानू, गोणीच आहे ती.

या विषयावर बोलणारे लोक एक गोष्ट विसरतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे जेम्स स्पिलेन वीसेक वर्षांपूर्वीपासून सांगत आलेत की नेतृत्व हे कोणा एकाच्या खुर्चीत नसतं, ते माणसा-माणसांच्या व्यवहारात आणि त्या वेळच्या परिस्थितीत असतं. म्हणजे शॉपमध्ये पोराला कोणी थांबवलं, कोणी ऐकलं, कोणी नियम वाकवला, त्यात. समितीचा कागद काढला म्हणून ते तयार होत नाही. तुमच्याकडे खुर्ची तिथेच राहिली, फक्त तिच्याखालचं ओझं तुमच्याकडे आलं. लीथवूड, हॅरिस आणि हॉपकिन्स या तिघांनी २००८ मध्ये सगळं संशोधन चाळून जे मांडलं त्यातही नेतृत्व जास्त लोकांत पसरलं की त्याचा परिणाम वाढतो असं आहे, पण ते बहुतेक वेळा आडवळणाने पोचतं असंही आहे, शिक्षकाची उमेद, त्याची क्षमता आणि त्याची कामाची परिस्थिती सुधारते आणि त्यातून मुलांपर्यंत. आता तुमची उमेद मेमोने सुधारली का ते तुम्हीच सांगा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ज्याला स्वतःलाच पुढच्या वर्षी नोकरी आहे का हे माहीत नाही तो पोराला काय सांगणार की टिकून राहा.

तुम्हाला करण्यासारखं एक सुचवतो. पुढच्या बैठकीत अहवाल द्यायच्या ऐवजी एक कोरा कागद ठेवा आणि विचारा, मी कुठले निर्णय स्वतः घेऊ शकतो ते इथे लिहून सही करा. दोनच मागा. एक, उशिरा येणाऱ्याला शॉपमध्ये घ्यायचं की नाही. दोन, चाचणी बुडलेल्याची चाचणी परत कधी घ्यायची. दोन्ही बिनपैशाचे आहेत त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नाही. आणि ते दोन मिळाले की अहवाल दोन ओळींचा करा. मिळाले नाहीत तर समितीचं नाव बदलून "सदस्य सचिव समिती" ठेवा म्हणावं.

आणि हो, उलटा धोकाही आहे, तो पण सांगतो. सगळ्यांनी मिळून बघायचं म्हटलं की कोणीच बघत नाही. माझ्या शेवटच्या वर्षांत सोमवारच्या भेटीत एका मुलाचं नाव लागोपाठ तीनदा आलं आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बोललाय. तो वेल्डरचा होता, त्याचं वर्षच एक असतं, तीन आठवडे म्हणजे केवढे ते बघा. नंतर नियम केला, नावापुढे बोलणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय मीटिंग संपवायची नाही.

प्रश्न : माझा मुलगा इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. आता म्हणतो सोडतो, मित्र डिलिव्हरी करून महिन्याला अठरा हजार कमावतो. संस्थेतून फोन येतो तो फक्त फीसाठी. पालकसभेला मिस्टरांना सुट्टी मिळत नाही. आम्हा पालकांना तिथे काही किंमत असते का? मी चार घरची पोळ्यांची कामं करते. — एक आई, धायरी

उत्तर : ताई, किंमत असायला पाहिजे आणि बहुतेक ठिकाणी ती नसते, असं सरळ सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, जेव्हा खरं हातातून निसटायचं वय असतं, तेव्हा आयटीआयच्या टेबलावर पालकांची खुर्चीच नसते. आणि पालकसभा ठेवतात शनिवारी दुपारी! अहो भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, शनिवारी कोण येणार? मग रजिस्टरमध्ये लिहायचं "पालक उदासीन आहेत". हे मी स्वतः लिहिलंय पूर्वी, त्याची आता लाज वाटते.

आधी मुलाचं. त्याला डिलिव्हरी वाईट आहे असं सांगू नका, तो ऐकणार नाही आणि ते काम वाईट नाहीच, उन्हातान्हात फिरणारी चांगली पोरं आहेत ती. त्याच्यासोबत बसून हिशोब मांडा, अठरातून पेट्रोल किती, गाडीचा हप्ता किती, पावसात चार दिवस गाडी बंद पडली तर किती. हिशोब तो स्वतःच्या हाताने लिहू दे, तुम्ही फक्त विचारा. आणि मग विचारा की तुला कंटाळा शिकण्याचा आलाय की तिथल्या कोणाचा. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं असतात आणि पहिल्या वर्षात थिअरीच थिअरी वाटते, पोराला वाटतं मी तर फॅन बांधायला शिकायला आलो होतो आणि हे ओहमचा नियम काय घेऊन बसलेत. बऱ्याचदा मुलाला एकच विषय छळत असतो, गणित किंवा ड्रॉइंग, आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून तो "डिलिव्हरी" म्हणतो. दोन वर्षं पूर्ण केली की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत ॲप्रेंटिस लागता येतं, तेव्हा शिकता शिकता विद्यावेतन मिळतं, मध्येच सोडलं तर तो दरवाजा बंद नाही पण पायरी खालची लागते.

आता संस्थेचं. मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून जा, पालकसभेची वाट बघू नका. प्राचार्यांना भेटायचा हट्ट धरू नका, ट्रेडच्या सरांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा, माझा मुलगा कोणत्या सरांशी नीट बोलतो? जे नाव येईल त्यांचा नंबर घ्या आणि तुमचा त्यांना द्या. आणि त्यांना सांगा की फीसाठी नाही, पोरगं गप्प झालं तरी मला फोन करा, मी दुपारी दोन ते चार मोकळी असते. असं सांगणाऱ्या आया मला ३१ वर्षांत फार तर दहा-बारा भेटल्या, आणि त्यांची पोरं मला आजही नावानिशी आठवतात. मुलाच्या निमित्ताने तुम्ही त्या निदेशकाला पण धरून ठेवता, त्याला कळतं की कोणीतरी बघतंय.

फीचं ओझं असेल तर तेही त्याच दिवशी बोला, लपवू नका. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहिलाय का ते क्लार्कला विचारा, अर्ध्या वेळेला फॉर्म बँक खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून अडकलेला असतो आणि पोराला ते सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : सर मी डिझेल मेकॅनिकचा सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी आहे. सर म्हणतात कोण दांडी मारतो ते तू मला सांग. मित्र म्हणतात तू चमचा. काय करू? — एक प्रशिक्षणार्थी, हडपसर

उत्तर : नावं सांगू नकोस. सरांना सांग की मी कोण आला नाही ते सांगणार नाही, ते हजेरीत दिसतं, पण कशामुळे येत नाहीत ते नाव न घेता सांगीन. पीएमपीची अमुक बस फुल्ल येते, अमुक सरांच्या तासाला टोमणे बसतात, पाणी नसतं. हे तूच सांगू शकतोस, दुसरं कोणी नाही. आणि जो मित्र चार दिवस आला नाही त्याला तू स्वतः फोन कर, सरांच्या आधी. त्यासाठी चमचा लागत नाही.

प्रश्न : आमचं चाकणला छोटं प्रेस शॉप आहे, मी एका आयटीआयच्या आयएमसीवर, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. वर्षाला दोन-चार मीटिंग, समोसे, फोटो. उद्योगाने गळतीबाबत खरं काय करावं? — एक उद्योजक, चाकण

उत्तर : साहेब, पहिली गोष्ट ऐकायला कडू आहे. तुमच्यासारखेच काही जण, तुम्ही नाही समजा, अर्धवट शिकलेलं पोरगं कॉन्ट्रॅक्टरमार्फत हेल्पर म्हणून घेतात, कारण त्याला मापं घ्यायचा व्हर्नियर धरता येतो आणि पगार हेल्परचा द्यायचा असतो. पोरगं दिवाळीनंतर परत येत नाही तेव्हा ते कुठे गेलेलं असतं? तुमच्याच रस्त्यावर कुठेतरी गेलेलं असतं. तेव्हा आयएमसीत बसून गळतीवर बोलण्याआधी आपल्या एरियातल्या चार जणांत एवढं ठरवा की कोर्स चालू असलेल्याला फुलटाइम घेणार नाही, फार तर सुट्टीच्या दिवशी पार्टटाइम, तेही संस्थेला सांगून.

दुसरं, तुमची समिती समोशांसाठी नाहीये. २००७-०८ मध्ये केंद्राने देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआय सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीत सुधारायची योजना आणली, त्यात प्रत्येक संस्थेच्या आयएमसीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, अध्यक्ष उद्योगातला आणि प्राचार्य सदस्य सचिव, २० टक्के जागांवर प्रवेश ठरवायची मुभा सुद्धा. म्हणजे कागदावर नेतृत्व वाटलेलंच होतं, आपल्या शिक्षण व्यवस्थेत एवढी उदार वाटणी क्वचित झाली असेल. मग गडबड कुठे? माझ्या डोळ्यांसमोर जे झालं ते असं की वाटणी अध्यक्ष आणि प्राचार्य या दोघांतच झाली, खाली शॉपपर्यंत उतरलीच नाही. मशीन आली, चांगली आली, एक सीएनसी तर कुलूप लावून ठेवलेली मी पाहिलीये, बिघडली तर कोण जबाबदार म्हणून. ज्या निदेशकाच्या हाताखाली पोरं शिकणार त्याला मीटिंगला बोलावलंच नव्हतं. तुमच्या पुढच्या मीटिंगला दोन निदेशक आणि दोन मुलं बोलवा, अजेंड्याचा पहिला विषय त्यांचा, आणि त्या वेळी प्राचार्यांनी आणि तुम्ही वहीत लिहायचं, बोलायचं नाही. अवघड जाईल.

तिसरं, जर्मनीतून एक उचलण्यासारखं आहे. त्यांच्या ड्युअल पद्धतीचं, म्हणजे थोडं कंपनीत आणि थोडं शाळेत शिकण्याचं, आपण कौतुक करतो, पण तिथेही शिकाऊ मुलांचे चारातला एक तरी करार मुदतीआधी तुटतो, त्यातली बरीच मुलं दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या ट्रेडला जातात हे खरं, तरी तुटतो. म्हणून २००८ पासून त्यांनी निवृत्त अनुभवी माणसांना एकेका मुलामागे लावलं, अडचणीत असलेल्या शिकाऊ मुलाला एक आजोबा, असंच म्हणा. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये अशा निवृत्त टूलरूमवाल्यांची काय कमी आहे हो? सकाळी बागेत हास्यक्लब करून घरी जाऊन करायचं काय म्हणून बसलेले असतात. तुमच्या आयएमसीने असे पाच जण शोधावेत, आठवड्याला एक दुपार, शिकवायला नाही, शॉपमध्ये पोरांजवळ उभं राहायला. पोरगं जॉब उजेडाकडे धरून बघत असताना शेजारी उभं राहून "आमच्या वेळेला पण असंच व्हायचं" एवढं म्हणायला. मात्र सोमवारच्या पंधरा मिनिटांत त्यांनाही घ्या, नाहीतर त्यांनी पाहिलेलं त्यांच्याजवळच राहील.

आणि लांब कशाला, पाबळला जाऊन या एकदा, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असेल. तिथला विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, शाळेत न रमलेली पोरं हाताने काम करत शिकतात, वेल्डिंग पासून शेतीपर्यंत, आणि गावातली खरी कामं करतात. पोराने बनवलेलं गेट गावात कोणाच्या तरी कुंपणाला लागतं. आमच्याकडे पोराने महिनाभर घासलेला फ्लॅट मार्क मिळाले की भंगारात जायचा, नंतर एका निदेशकाने स्वतःच्या डोक्याने पोरांकडून शॉपच्या खिडक्यांच्या कड्या बनवून घेतल्या, प्राचार्यांना न विचारता, आणि प्राचार्य शहाणे निघाले, त्यांनी न विचारल्याबद्दल विचारलं नाही. त्या वर्षी त्या युनिटची पोरं इतरांना दाखवत फिरायची, ही कडी माझी.

प्रश्न : सोमवारच्या मीटिंगला चहा ठेवावा का? आमच्याकडे त्यावरून वाद झाला. — एक गटनिदेशक, पुणे

उत्तर : ठेवा, पण अर्धा कप, आणि उभ्यानेच. पूर्ण कप दिला की लोक बसतात आणि बसले की महागाई भत्त्यावर जातात. खर्च कोणी करायचा हा वाद असेल तर पाळी लावा, पहिली पाळी प्राचार्यांची. आणि कॅन्टीनच्या मावशी चहा घेऊन आल्या की त्यांना लगेच जा म्हणू नका, दोन मिनिटं थांबवा आणि विचारा, या आठवड्यात उधारी कोणाची वाढली.